कोल्हा म्हशीला चावला: दहा दिवस वाट बघायची का?

दादरवाला_यावल
वावरातल्या गोठ्यात रात्री म्हशीच्या नाकपुडीला कोल्हा चावून पळाला. कुत्र्याशीही झटापट झाली. शेजारी म्हणतात, दहा दिवस बघा, म्हैस धडधाकट राहिली तर काही नाही. आणि जंगली जनावर रेबीज (पिसाळण्याचा रोग) पसरवतं, त्याला स्वतःला होत नाही. खरं आहे का? दुधाचं काय?

गुरंढोरं_चोपडा
दादा, दहा दिवसांचा नियम चावणाऱ्या कुत्र्या-मांजरासाठी आहे, चावा बसलेल्या जनावरासाठी नाही. कोल्ह्याला तर तो लागूच नाही. म्हशीत लक्षणं यायला आठवडे, कधी महिने जातात. नाक मेंदूजवळ, म्हणून घाई जास्त.

हातमोजे घालून जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच माणूस कंटाळतो. साबणाने विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं. मग पोव्हिडोन आयोडीन. चुना, तिखट, हळद नको. पशुवैद्यकाकडून लस: ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, मानेच्या स्नायूत. ० म्हणजे पहिली सुई पडली तो दिवस. तिसऱ्या सुईनंतर 'चांगली खातेय' म्हणून लोक थांबतात, तिथेच घात होतो.

लस २ ते ८ अंशांत आणा. गोठली तर बाद, आणि मे महिन्यात डिकीत ठेवली तरी बाद.

सातपुडा_पायथा
कोल्ह्याला होत नाही हे खोटं. पिसाळलेला कोल्हा मरतोच. जंगलात फिरून प्रतिकारशक्ती येते यावर विसंबू नका. युरोपात खोकडांसाठी आमिषात लस घालून टाकावी लागली, सुरुवात १९७८ मध्ये स्वित्झर्लंडला. मुंगूस चावलं तरी हेच उपचार.

गुरंढोरं_चोपडा
दूध लक्षणं नसेपर्यंत उकळूनच. म्हैस सारखी रेकू लागली, लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटले, गिळता येईना, की धार बंद. तेव्हा घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. खरी जोखीम तिथे असते. लाळ खरचटलेल्या हाताला, डोळ्याला लागली तर लगेच धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

दादरवाला_यावल
पहिली सुई दुपारी पडली. कुत्र्याला मागच्या वर्षी लस दिली होती, चालेल?

सातपुडा_पायथा
चालणार नाही. त्यालाही आजच बूस्टर द्या आणि बांधून ठेवा.