ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या) इंजिनाला इंधनाची तिसरी वाट हवी की नको?

हातोडी : घरी बांधलेल्या विमानात मोटारीचं इंजिन बसवायचं म्हटलं की एकच सल्ला मिळतो, 'इलेक्ट्रिक पंप दोन लावा, झालं!' मला हे अर्धवट वाटतं. ईएफआयला साधारण ३ बार दाब लागतो. एक पंप गेला तर दुसरा तो देईल, मान्य. पण ईसीयूच, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणकच गेला तर? दोन्ही पंप घोंघावताहेत, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत (रेलमध्ये) दाब पुरेपूर आणि फवारा सोडणारे इंजेक्टर उघडायला कुणीच नाही! म्हणून पंपांनंतर फाटा काढून, हाताच्या व्हॉल्व्हने थेट थ्रॉटलच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी पेट्रोल सोडायची सोय हवीच. इंजिन खोकत का होईना, धावपट्टी गाठेल.

उलटतपासणी : कसं गाठेल? ठिणगीही त्याच ईसीयूकडे असेल, तर सोडलेलं पेट्रोल पेटवणार कोण? शिवाय टेकऑफनंतर ३०० फुटांवर इंजिन बसलं, तर नाक खाली घालून वेग सांभाळायचा की व्हॉल्व्ह पिळत मिश्रण जुळवायचं? थ्रॉटल हलला की ते पुन्हा बिघडणार. त्यापेक्षा दुसरा ईसीयू आणि एक स्विच. रोटॅक्स ९१२ आयएस या विमानाच्या इंजिनात दोन लेन (स्वतंत्र नियंत्रण-मार्ग), दोन जनरेटर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर उगाच नाहीत.

हातोडी : इग्निशन वेगळंच ठेवायचं, हे गृहीत आहे. आणि घरगुती बांधणीत दोन्ही ईसीयू सर्रास एकाच बसबारवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) असतात. बॅटरी जोडणारा मुख्य स्विच, मास्टर कॉन्टॅक्टर पडला की दोघेही एकदम झोपले.

उलटतपासणी : मग पंपही झोपले की! तुमचा व्हॉल्व्ह काय वाऱ्यावर चालणार?

जुनंच बरं : +१. म्हणून म्हणतो, इंजिनानेच फिरणारा यांत्रिक पंप आणि जोडीला इलेक्ट्रिक बूस्ट (मदतीचा पंप). खालच्या पंखांच्या विमानांत कार्ब्युरेटरवाली लायकमिंग इंजिनं वर्षानुवर्षं अशीच उडताहेत.

गाळणी : उडताहेत, पण तो पंप टाकीपासून लांब, गरम इंजिनावर बसून पेट्रोल ओढतो. ओढताना दाब घटतो, त्यात उष्णता. वाफेचे बुडबुडे झाले की पंप नुसता फिरतो. बूस्ट टाकीजवळ, ढकलणारा असावा. आणि दोन्ही पंप एकाच फिल्टरमधून पीत असतील, तर चार लावलेत तरी हिशेबाला एकच.

हातोडी, तुमचे पंख वर, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा उंच असेल तर फाटा पंपांनंतर नको, थेट टाकीतून वेगळी नळी आणा. थ्रॉटलच्या तोंडाशी दाबाची गरज नाही, उतारावर येईल; बंद पडलेल्या पंपातून मात्र येईलच असं नाही. आधी मोजा. शेपूट खाली घेऊन विमान चढाईच्या कोनात बांधा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, नळीचं तोंड मापाच्या डब्यात सोडा आणि स्टॉपवॉच लावा. प्रमाणित छोट्या विमानांना उतारावरच्या पुरवठ्यासाठी टेकऑफच्या खपाच्या १५०% प्रवाह लागतो, पंपाला १२५%. घरगुतीला सक्ती नसली तरी मापदंड तोच धरावा. खप ताशी ३० लिटर असेल, तर मिनिटाला ७५० मिली पडायला हवं.

हातोडी : पंख वरच आहेत. पण चढाईत नाक वर गेलं की टाकी आणि थ्रॉटलमधलं उंचीचं अंतर जेमतेम उरतं.

उलटतपासणी : म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सगळ्यात कमी प्रवाह. डब्यात किती पडलं तो आकडा टाका, मग पुढचं भांडू.