वेस्ट कोस्ट ट्रेल एका दिवसात: तुमचे अनुभव लिहा

कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावरची ही ७५ किमीची वाट, लोक तंबू-शिधा पाठीवर घेऊन आठवडाभर चालतात. ती एका दिवसात पळालेले, अर्ध्यातून बाहेर पडलेले, कोणाची तरी टोकाला वाट बघत बसलेले, सगळ्यांनी लिहा. वेळ किती लागला ते नंतर सांगा, आधी भरती-ओहोटी कशी जमवली ते सांगा.

*

आम्ही दोघी पाचेना बे कडून, म्हणजे उत्तरेकडून निघालो, जूनमध्ये, कारण तेव्हा उजेड सोळा तास मिळतो. पाचेना पॉइंटच्या दीपगृहापर्यंत वाट चांगली रुंद आहे, पाय आपोआप सुटतात. १९०६ मध्ये ह्याच बाजूला व्हॅलेन्सिया जहाज फुटलं, शंभरहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर बुडणाऱ्या जहाजांच्या मदतीसाठी ही वाट नीट करण्यात आली. तिथून जाताना मी दोन मिनिटं थांबलेच, घाई असूनही.

वेग मात्र आम्ही ठरवून कमी ठेवला होता, कारण वाटेतली नितिनाट नॅरोज ही पाण्याची अरुंद खाडी होडीशिवाय ओलांडताच येत नाही, होडी तिथले मूळनिवासी डिटिडाट लोक चालवतात आणि ती फक्त दिवसा असते, म्हणजे मध्यरात्री निघून फार लवकर पोचलात तर काठावर कुडकुडत बसायचं आणि उशीर झाला तर तिथेच रात्र. त्याआधी त्सुसियाट धबधब्यापाशी ओहोटी लागली होती, घट्ट ओल्या वाळूची पट्टी मोकळी झालेली, त्यावर पाऊल जेमतेम उमटतं, आणि चार हात वर सरकलं की भुसभुशीत वाळू, पोटऱ्यांचा पार पिट्टा. आख्ख्या दिवसातलं सगळ्यात सुंदर पळणं तेवढ्यात झालं!

*

वर ताईंनी उत्तरेचं लिहिलंय, मी दक्षिणेचं लिहितो, कारण खरा दिवस तिकडेच जातो. वालब्रन ओढ्याच्या पुढे पळायचं विसरा. चिखल, झाडांची मुळं, ओली लाकडी फळकुटं, आणि शिड्या. लोगन क्रीकला तर एक संपली की दुसरी, पायऱ्या पावसाने बुळबुळीत, मांड्या भरून आलेल्या, त्यात उतरताना पाय खाली चाचपडत पायरी शोधायची, आणि छातीशी बांधलेली पाण्याची बाटली दर वेळी मध्ये येते (बाटल्या पाठीवर घ्या, हे कोणीच सांगत नाही). ओढ्यांवर दोरावर लटकणारा पाळणा आहे, तो मधल्या झोळापर्यंत आपसूक जातो, पुढे स्वतःला हाताने वर ओढायचं. पायांचा सराव सगळेच करतात, खांदे आणि पंजे तयार करा, जवळ पातळ हातमोजे ठेवा.

*

दक्षिण टोकाजवळच्या ओवेन पॉइंटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तक्त्यातली पाण्याची पातळी १.८ मीटरच्या खाली असेल तरच तिथून किनाऱ्याने जाता येतं, नाहीतर आतली जंगलवाट. तारीख ठरवताना मी हवामान नंतर बघितलं, आधी ह्याच बेटावरच्या टोफिनो गावचा भरतीचा तक्ता घेऊन बसले. ह्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक चांगली खोल जाते आणि दुसरी नावापुरती, म्हणजे आपण तिथे पोचू त्या वेळेला कुठली असेल ते बघायला हवं. तक्त्यात प्रमाणवेळ आहे की उन्हाळी वेळ हेही तपासा, सरळ एक तासाचा फरक पडतो. आणि मनातल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर वाद न घालता जंगलवाट धरायची, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. तसंच झालं, किनाऱ्यावरच्या गुहा बघायच्या राहिल्या, त्याची खंत आहे पण पाणी चढत असताना त्या शेवाळलेल्या दगडांवर मी कधीच जाणार नाही.

*

छोटंसं: खारं पाणी आणि वाळू मिळून काखा-जांघा सोलवटतात. व्हॅसलीन निघताना तर लावाच, पण नितिनाटला होडीची वाट बघताना परत लावा, मोजेही तिथेच बदला. वॉटरप्रूफ बूट नकोत, आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

*

मी पळत नाही, नवरा पळतो. मी गॉर्डन रिव्हरला, म्हणजे दक्षिण टोकाला थांबले होते. शेवटाला पण नदी आहे आणि तिथेही होडी लागते, दिवसाच्या फेऱ्या संपल्यावर पलीकडे पोचलेला माणूस समोर दिसला तरी इकडे येऊ शकत नाही, त्यामुळे परवाना आणि होडीचं पार्क्स कॅनडाशी (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) आधीच बोलून घ्या. वाटेत मोबाईलला रेंज जवळपास नाहीच, आम्ही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतलं होतं आणि ठरलं होतं की नितिनाट, कार्माना दीपगृह आणि थ्रॅशर कोव्ह इथून निरोप यायचा. थ्रॅशरचा निरोप दोन तास उशिरा आला. ते दोन तास फार वाईट गेले. पळणाऱ्यांनो, खाताना थांबता ना, तेव्हा एक बटण दाबा, बाकी काही मागत नाही.