फोर्थमध्ये मराठी शब्द

'फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आता काय उपयोग?' असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, निव्वळ आनंदासाठी शिका! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे जनक चार्ल्स मूर यांनी याच भाषेतून अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेची रेडिओ दुर्बीण चालवली होती. एवढ्याशा मेमरीत!

मला भावते ती तिची वाक्यरचना. आधी आकडे, मग क्रिया:

2 3 + .

उत्तर 5. शेवटचं टिंब म्हणजे 'छाप'. आपण 'दोन नि तीन मिळव' म्हणतो ना, तसंच क्रियापद शेवटी.

शिवाय फोर्थमध्ये आपण नवा 'शब्द', म्हणजे नाव दिलेली आज्ञा, बनवू शकतो आणि ते नाव देवनागरीतही चालतं. जीफोर्थ (फोर्थ चालवणारं जीएनयू प्रकल्पाचं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर) उघडून हे लिहून बघा (कोलनने नव्या शब्दाची व्याख्या सुरू होते, अर्धविरामाने संपते; * म्हणजे गुणाकार):

: दुप्पट 2 * ;
: चौपट दुप्पट दुप्पट ;
7 चौपट .

एंटर दाबलं की समोर 28! पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. कोलननंतर जागा मात्र नक्की सोडा, नाहीतर कोलन नि 'दुप्पट' मिळून एकच अनोळखी शब्द होतो आणि एरर येते. मी त्यातच अर्धा तास अडकलो होतो. डेबियन, उबंटू या लिनक्सवर जीफोर्थ एपीटीने (सॉफ्टवेअर बसवायच्या आज्ञेने) लगेच बसतं. तुम्ही एखादा शब्द केलात तर इथे नक्की टाका.