व्हीगन पाहुण्यांसाठी मालवणी जेवण: सुकं मटण, तळलेला मासा आणि दह्याला पर्याय

खाडीकाठ
मालवणजवळ माझी घरगुती जेवणाची सोय आहे. मार्चअखेरीला सहा व्हीगन पाहुणे चार दिवस येतायत. मासे-मटण-अंडी नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. सोलकढी, घावन, काळ्या वाटाण्याचं सांबारं हे आपलं मुळातच तसलं, त्यामुळे त्याची काळजी नाही. अडतंय ते इथे: कुयरीचं (कोवळ्या फणसाचं) सुकं केलं की लगदा होतो आणि मसाला वेगळा राहतो. नारळाचा रस घातलेली आमटी पुन्हा गरम केली की फाटते. नारळाच्या रसाचं दही लावलं तर वर लोण्यासारखा थर आणि खाली पाणी. तळलेल्या माशाच्या जागी काय वाढावं तेही सुचवा. पाकिटातलं नकली मांस नको, इथे मिळतं त्यातच भागवायचंय.

वाटपघर
ताई, लगदा होतो तो बहुतेक कुयरी जून असते म्हणून, नाहीतर कुकरात पाणी जास्त पडतं म्हणून. दीड-दोन किलोची घ्या. कापल्यावर आतली आठळी सुरीखाली सहज चिरली गेली पाहिजे. गरे सुटे दिसू लागले, पिवळसर झाक आली की ती भाजीची राहिली नाही, शिजून गोडसर लागते. अगदी मुठीएवढीही नको, तिच्यात रेषा धरलेली नसते.

हाताला आणि सुरीला खोबरेल लावून चकत्या करा, साल जाड काढा, दोन इंचाचे तुकडे हळदीच्या पाण्यात टाका म्हणजे काळे पडत नाहीत. मग कुकरच्या आतल्या भांड्यात तुकडे, मीठ, हळद आणि दोन-तीन आमसुलं. या भांड्यात पाणी अजिबात नको, वाफ पुरते. आमसुलाचं काम फक्त चवीचं नाही, आंबटपणामुळे तुकडा लवकर विरघळत नाही. दोन शिट्ट्या झाल्या की वाफ काढून टाका. कुकर आपोआप सुटेपर्यंत थांबलात तर आत शिजणं चालूच राहतं.

गार झाल्यावर फडक्यात दाबून पाणी काढा आणि हाताने रेषेच्या दिशेने सोडवा. ठेचू नका. यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि चव तिथेच जाते: लोखंडी तव्यावर तीन चमचे तेलात, तुकडे एकावर एक न टाकता, मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं कडा तांबूस होईतो परता. मटणाला स्वतःची चरबी आणि रस असतो, फणसाला दोन्ही नाही. ती उणीव तेलाने आणि या खरपूसपणाने भरून निघते.

अर्धा किलो उकडलेल्या फणसाला एक वाटी सुकं खोबरं आणि दोन कांदे खमंग भाजून, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, असं वाटप. ते तीन चमचे मालवणी मसाल्याबरोबर तेल सुटेपर्यंत परता, मग फणस आणि पाव वाटी गरम पाणी, झाकून मंद आचेवर दहा मिनिटं. वाढण्याआधी तासभर मुरू द्या, मीठ-मसाला तेव्हा आत जातो. एक लक्षात असू द्या, फणसात प्रथिनं १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच. त्याच ताटात काळे वाटाणे किंवा मसूर हवेच.

तिरफळ
तळलेल्या माशाला निरफणसाचे काप सगळ्यात छान, पण ते पावसाळ्यात. मार्चमध्ये सुरण घ्या. अर्ध्या सेंटीमीटरचे काप आमसूल घातलेल्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकडा, सुरी आत जाताना किंचित अडली पाहिजे. सुरणात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे, म्हणून आमसूल टाळू नका. पाणी फेकून द्या, काप कोरडे करा. आगळ (कोकमाचा दाट रस), हळद, लसणाचं वाटण, मालवणी मसाला चोळून वीस मिनिटं ठेवा. तीन भाग तांदळाचं पीठ, एक भाग रवा, त्यात घोळवून मध्यम आचेवर तव्यात तळा.

आमटीला तिखल्याची (माशाच्या तिखट-आंबट कालवणाची) चव हवी असेल तर आठ-दहा तिरफळं, बिया काढून, जरा चेचून, शेवटच्या पाच मिनिटांत टाका. वाटपात वाटलीत तर कडू होतं.

पाटावरवंटा
रसाचं आधी. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. खळखळून उकळी आली की ती प्रथिनं आखडतात आणि तेल सुटं होतं. म्हणून शिजवायला दुसरा पातळ रस वापरा, पहिला दाट रस गॅस बंद केल्यावर. उरलेली आमटी गरम करायचीच असेल तर दाट रस घालण्याआधीच बाजूला काढून ठेवा. आयत्या वेळी एक कप रसाला एक छोटा चमचा तांदळाचं पीठ कालवलंत तर बरंच सावरतं. सोलकढीही फ्रिजमध्ये तासन्‌तास ठेवू नका, खोबऱ्याचं तेल थिजून वर कण येतात.

दही नारळाचं लागणं कठीणच, कारण दही धरतं ते प्रथिनांच्या जाळ्यामुळे आणि नारळात ती फार थोडी. शेंगदाण्याचं लावा. एक वाटी कच्चे दाणे आठ तास भिजवा, सालं काढा, पाव वाटी काजूबरोबर तीन वाट्या पाण्यात गंधासारखं वाटून गाळा. ढवळत सात-आठ मिनिटं उकळा, फेस भसकन वर येतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या. कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ बुडवून झाकून ठेवा, त्यांच्यावर विरजणाचे जिवाणू असतात. दहा-बारा तासांनी जे लागेल ते फक्त विरजण समजा. त्यातला एक चमचा पुढच्या दाण्याच्या दुधात घातला की आपल्याकडच्या उकाड्यात सहा-सात तासांत नीट लागतं. पहिलं विरजण पाहुण्यांच्या दोन दिवस आधी लावायला घ्या. गुलाबी डाग, तार किंवा कुजका वास आला तर सगळं टाकून द्या. कोशिंबिरीत हिंग-मोहरीची फोडणी दिली की दाण्याचा वास जाणवत नाही.

दाणे किंवा काजू कुणाला बाधतात का, हे पाहुण्यांना आधी विचाराच.

खाडीकाठ
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. सकाळच्या चहाचं काय करू? काजूचं दूध घातलं की खळीसारखा घट्ट होतो.

पाटावरवंटा
काजूत स्टार्च असतो, उकळला की घट्ट होणारच. चहा कोरा आणि कडक करून गाळा, मग त्यात वेगळं गरम केलेलं दूध घाला, पुन्हा आचेवर ठेवू नका. पाव वाटी भिजवलेल्या काजूला दोन वाट्या पाणी पुरे.

वाटपघर
आणखी एक. घावनाच्या तव्याला तूप लागत नाही ना, लाडीपावावर वरून लोणी फिरवलेलं नाही ना, हे बघा. मासे तळलेलं तेल सुरणाच्या कापांना वापरू नका. चार दिवस कढई, तवा आणि झारा वेगळाच ठेवा.