हायब्रिडचं खरं अ‍ॅव्हरेज साध्या पेट्रोल गाडीपेक्षा नक्की किती जास्त पडतं?

रोजचा_प्रवासी
मंडळी, आठ वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी आता बदलायची आहे आणि एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनमध्ये अडकलोय, साधं पेट्रोल घ्यावं की हायब्रिड. रोज जाऊन-येऊन ४४ किमी होतात, त्यातलं बरंचसं सिग्नल आणि गर्दीतच, आणि महिन्यातून एक-दोनदा ४०० किमीची हायवे ट्रिप असते. कंपनीचे आकडे बघितले तर हायब्रिड जवळपास दीडपट देते. पण आत्ताच्या गाडीच्या कागदावर १८ लिहिलंय आणि मी रोजच्या वापरात १२.५ च्या वर कधी गेलो नाही, तेही सांभाळून चालवून, मग हायब्रिडचा आकडाही असाच घसरणार असेल तर शेवटी हातात फरक उरतो किती? टेस्ट ड्राइव्हला स्क्रीनवर २६ दिसलं खरं पण ते दहा मिनिटांचं होतं, तेवढ्यावर विसंबायला मन धजत नाही. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी प्लीज पंपावरचे आकडे सांगा, स्क्रीनवरचे नकोत.

वहीत_नोंद
दोन्ही वापरल्यात, जवळपास सारख्याच वजनाच्या. पेट्रोल सहा वर्षं आणि आता फुल हायब्रिडला (म्हणजे जी थोडा वेळ निव्वळ मोटरवरही चालते) तीन वर्षं होतील. प्रत्येक वेळी टाकी फुल केली की किमी आणि लिटर वहीत लिहितो. गर्दीत पेट्रोलला ११ ते १२ यायचं, हायब्रिडला २० ते २१ येतं. हायवेला १०० च्या आसपास स्पीड ठेवला तर पेट्रोल १७ आणि हायब्रिड १९. बस, हायवेला एवढाच फरक.

हे फक्त माझ्याच गाडीचं नाही. अमेरिकेत ईपीएचे (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे) आकडे त्यातल्या त्यात वास्तवाच्या जवळ असतात, कारण २००८ पासून त्यांच्या पद्धतीत जास्त स्पीड, एसी आणि थंडी हे सगळं धरतात. त्यात २०२३ ची कोरोला बघा, साधी पेट्रोल शहरात साधारण १३.६ आणि हायवेला १७.४, तीच हायब्रिड शहरात २२.५ आणि हायवेला १९.६. म्हणजे साधी गाडी हायवेला जास्त देते आणि हायब्रिड शहरात जास्त देते, दोघींचं गणितच उलटं आहे. म्हणून शहर आणि हायवे मिळून जो एकच आकडा छापतात तो तुमच्या कामाचा नाही, तुमचे किमी कुठे जातात ते आधी बघा.

वर्कशॉपवाला
वरचं बरोबर आहे, ते असं का होतं तेवढं सांगतो कारण ते कळलं की कुठलाही आकडा स्वतःच तपासता येतो.

१४०० किलोची गाडी ५० च्या स्पीडला आणायला साधारण १३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर ते झालं १७ मिली पेट्रोल, म्हणजे तीन-साडेतीन चमचे. पुढे सिग्नल लागला, तुम्ही ब्रेक दाबला की ते तीन चमचे डिस्क आणि पॅड तापवण्यात गेले. सिग्नल सुटला की परत तीन चमचे. असं वीस वेळा झालं की ३४० मिली गेलं आणि ते कुठे दिसतही नाही. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबल्यावर मोटरच जनरेटर होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. सगळा नाही हं. आणि जोरात ब्रेक मारला तर नेहमीचे पॅड कामाला लागतात आणि ती ऊर्जा गेलीच, म्हणून हायब्रिडवाल्याने लांबूनच हळूहळू ब्रेक लावायची सवय करावी, त्याने फार फरक पडतो.

दुसरं म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन. एसी लावून नुसतं उभं राहिलं तरी तासाला लिटरच्या आसपास जातं. हायब्रिडचं इंजिन तिथे बंद असतं, एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की इंजिन मधूनच थोडा वेळ चालू होतं.

आता हायवेला ब्रेकच लागत नाही तर परत मिळवणार काय? तिथे बराचसा खर्च हवा कापण्यात जातो आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० वर गेलात की विरोध ४४ टक्के वाढला, मग गाडी कुठलीही असो. तरी हायब्रिड थोडी पुढे राहते ती अ‍ॅटकिन्सन पद्धतीच्या इंजिनामुळे. त्यात इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उशिरा बंद होतो, त्यामुळे कॉम्प्रेशनपेक्षा (दाबण्यापेक्षा) एक्सपान्शन (फुगणं) जास्त मिळतं आणि इंधनातली ऊर्जा जास्त वसूल होते. कल्पना १८८२ ची आहे, पण अशा इंजिनाला खालच्या आरपीएमला जोर कमी, म्हणून मोटर जोडीला आल्यावर, १९९७ च्या टोयोटा प्रियसपासून, ती गाड्यांमध्ये खरी चालली.

लांबचा_रस्ता
मी उलट बाजूने सांगतो. माझे ८० टक्के किमी हायवेचे, मी नीट हिशोब केला आणि साधीच गाडी घेतली, पश्चात्ताप नाही. घाटातही लोक समजतात तेवढं मिळत नाही, कारण या बॅटऱ्या जेमतेम एक-दीड युनिटच्या असतात आणि तेही पूर्ण वापरू देत नाहीत. लांब उतारावर अर्ध्या वाटेतच बॅटरी भरते आणि पुढची ऊर्जा वायाच जाते.

आणि आधी गाडी कुठली हायब्रिड आहे ते बघा, हे फार महत्त्वाचं आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये बेल्टवरची छोटी मोटर नुसता हातभार लावते, त्यातल्या बहुतेक गाड्या निव्वळ मोटरवर चालत नाहीत, त्यांच्याकडून दीडपटीची अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. प्लग-इनचं, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडचं, तर सगळं चार्जिंगवर अवलंबून. युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा प्रत्यक्ष वापराचा डेटा काढला तेव्हा साध्या गाड्यांचा इंधनाचा खर्च टेस्टपेक्षा २० टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला आणि प्लग-इनचा साडेतीन पट, कारण लोक ती धरली होती तेवढी चार्जच करत नव्हते.

वहीत_नोंद
यात अजून एक. किमी प्रति लिटर हा आकडा फसवतो. १० चं १५ झालं तर १०० किमीला ३.३ लिटर वाचतात, पण २० चं २५ झालं तर फक्त १ लिटर, वाढ दोन्हीकडे पाचचीच. म्हणून नेहमी लिटरमध्ये हिशोब करा. तुमचंच करून देतो: महिन्याला गर्दीचे १००० किमी धरले तर १२.५ ने ८० लिटर, २० ने ५० लिटर, वाचले ३०. हायवेचे ६०० किमी, १७ ने ३५ आणि १९ ने साडेएकतीस, वाचले साडेतीन-चार. एकूण ३४ पैकी ३० लिटर तुमच्या रोजच्या रस्त्यावर वाचणार आहेत. आता हे ३४ लिटर तुमच्याकडच्या भावाने गुणा आणि दोन व्हर्जनच्या किमतीतला फरक किती महिन्यात निघतो ते बघा.

रोजचा_प्रवासी
एवढं कोणी शोरूममध्ये समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. ३४ लिटर हा आकडा आता डोक्यात बसलाय. एकच शंका, टाकी ते टाकी मोजताना पंपावर जरा कमी-जास्त भरलं तर?

वहीत_नोंद
नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, वर गोल आकडा करायला ओतायचं नाही. शक्यतो पंप तोच आणि गाडी सपाट जागी. एका टाकीवर जाऊ नका, चार टाक्यांचे किमी आणि लिटर एकत्र करून भागा, मग थोडं इकडेतिकडे झालेलं आपोआप सावरतं.

वर्कशॉपवाला
आणि टायरची हवा आधी बरोबर करा, नाहीतर मोजणार ते हवेच्या कमतरतेचं अ‍ॅव्हरेज. थंडीत मोजत असाल तर हेही धरा की हिटरला गरम पाणी लागतं म्हणून हायब्रिडचं इंजिन उभ्या गाडीतही चालू होतं, चार-पाच किमीच्या छोट्या फेऱ्यांना तेव्हा आकडा चांगलाच खाली येतो.

रोजचा_प्रवासी
काल पहिली टाकी मोजली. ४५२ किमी, ३८.२ लिटर, म्हणजे ११.८ आणि स्क्रीन मात्र १२.६ दाखवत होती, इतकी वर्षं मी तोच आकडा खरा धरून चाललो होतो. अजून तीन टाक्या अशाच मोजतो. शोरूमला विचारलंय की हायब्रिड एक दिवस सकाळी ऑफिसच्या वेळेला माझ्याच रस्त्यावर चालवायला द्याल का, दिली तर निघताना आणि परत आल्यावर टाकी फुल करून जो येईल तो आकडा इथे टाकतो.