टंचाईतल्या औषधाचा तोटा फार्मसीने का सोसायचा?

मिडलँड्सकर
मी इंग्लंडमध्ये फार्मसी चालवतो. औषध आम्ही आमच्या पैशाने घाऊक विक्रेत्याकडून घेतो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, 'ड्रग टॅरिफ' या सरकारी दरपत्रकाच्या दराने पैसे देते, तेही दोनेक महिन्यांनी. टंचाई आली की घाऊक भाव टॅरिफच्या वर जातो. मग आमची संघटना सरकारकडे वाढीव दर, म्हणजे प्राइस कन्सेशन मागते. तो महिन्याच्या अधेमधे, कधी अगदी शेवटी कळतो आणि त्या महिन्यापुरताच असतो. तोवर गोळ्या देऊन झालेल्या असतात. दर खरेदीपेक्षा कमी ठरला तर फरक आमच्या खिशातून. रुग्णाला मी परत पाठवत नाही, पण सरकारने हे आमच्या भलेपणावर ढकलू नये.

करदाता
टॅरिफपेक्षा स्वस्तात घेतलं तर उरलेला नफा तुमचाच असतो ना? २०२५-२६ साठी असा ९० कोटी पौंडांचा नफा धरूनच ठेवला होता. बिल दाखवा नि पैसे घ्या, असं झालं तर घासाघीस कोण करेल?

मिडलँड्सकर
ती सगळ्या इंग्लंडची बेरीज. ज्या दुकानात महागलेल्या औषधाचे रुग्ण जास्त, त्याचं काय? बिलाप्रमाणे पैसे मी मागतच नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला कळावा आणि टंचाई सरेपर्यंत टिकावा.

लंडनची आई
२०२३ मध्ये एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराच्या) औषधासाठी आम्ही दुकानं पालथी घातली. अडचण उत्पादनाची आणि वाढलेल्या मागणीची होती. दर वाढवून एक गोळी जास्त मिळाली नसती. संताप याचा, की ३६ मिलिग्रॅमची नाही म्हणून १८च्या दोन द्यायलाही डॉक्टरची नवी चिठ्ठी लागायची. आधी तो अधिकार फार्मासिस्टला द्या.

पुण्याहून
दराचा संबंध असतो, ताई. भारतात आवश्यक औषधांची कमाल किंमत एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने बेन्झिल पेनिसिलिन, साल्ब्युटामॉल अशा आठ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. परवडत नाही म्हणून काही कंपन्यांनी उत्पादन थांबवण्याचे अर्ज केले होते. भाव फार दाबला की औषधच नाहीसं होतं.

करदाता
ती वाढ कारखानदारासाठी होती. इथलं कन्सेशन घाऊकवाल्याने आधीच वाढवलेल्या भावाची भरपाई आहे. दर लवकर जाहीर करा, हरकत नाही. टंचाई सरेपर्यंत टिकवायला मात्र हरकत आहे. मधेच भाव उतरला तर जादा गेलेले पैसे परत कोण करणार?