पाच वर्षांच्या मुलीसाठी मांजराचं गोष्टीचं पुस्तक सुचवा (घरात म्हातारा बोका आहे)

पाटीपेन्सिल
लेक पाच वर्षांची आहे. आमचा बोका बंड्या बारा वर्षांचा, म्हणजे घरात तो तिच्याही आधीपासूनचा. रोज झोपताना तिला प्राण्यांची गोष्ट लागते आणि रात्री गोष्टीत जे घडतं ते सकाळी बंड्यावर घडतं. गोष्टीतल्या मांजरानं टोपी घातली की बंड्याच्या डोक्यावर टोपी. गोष्टीतलं मांजर उताणं पडून पोटाला गुदगुल्या करून घेतं, की ही बंड्याच्या पोटात तोंड खुपसायला धावते. आधी तो सगळं सोसायचा. हल्ली ती उचलायला गेली की फिस्कारतो आणि पलंगाखाली जाऊन बसतो. तो आपल्यावर रुसलाय असं तिला वाटतं आणि ती रडते.

मला एकच पुस्तक हवं आहे. दहा मिनिटांत वाचून होईल असं, चित्रं भरपूर, मांजर मांजरासारखं वागणारं आणि शेवटी कुणी मरत नाही असं. नवीन प्राणी घरात आणायचा नाही हे आमचं ठरलंय, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

तीन_बोके
ताई, पिल्लू आणा. बंड्या एकटा पडलाय म्हणून चिडचिडा झालाय. आमच्याकडे तीन आहेत, तिघंही एकमेकांना चाटत झोपतात. पिल्लू आलं की लेक त्याच्याशी खेळेल आणि म्हाताऱ्याची सुटका होईल. पुस्तकानं काही होत नाही, आमच्या मुलांना आम्ही एकही पुस्तक न देता मांजरं कळली.

ग्रंथकीटक
'शार्लट्स वेब' घ्या. 1952 सालचं पुस्तक आहे आणि प्राण्यांवर त्याहून चांगलं मुलांसाठी काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. डुकराच्या पिल्लाला वाचवण्यासाठी कोळीण जाळ्यात शब्द विणते. शेवटी कोळीण मरते, पण मुलं ते पचवतात, आईवडीलच उगाच घाबरतात. माझ्या मुलाला मी तो सहा वर्षांचा असताना वाचून दाखवलं. अजून तो कोळ्याला मारू देत नाही.

उंबरठा
@ग्रंथकीटक त्यांनी लिहिलंय कुणी मरायला नको, दहा मिनिटांत संपायला हवं आणि मांजर हवं. तुमच्या पुस्तकात यातलं काय आहे?

ग्रंथकीटक
रोज एक प्रकरण वाचायचं. दहा मिनिटंच लागतात.

घननीळ
पुस्तकाचं नंतर बघू. फिस्कारणं 'हल्ली' सुरू झालंय असं तुम्ही लिहिलंत, माझं लक्ष तिथे अडकलं. बारा वर्षांचा बोका, आधी उचलून घ्यायचा, आता उचलताना चिडतो. यात रुसवा नसून दुखणं असण्याची शक्यता खूप आहे. म्हाताऱ्या मांजरांत सांधेदुखी सर्रास असते आणि मांजर कुत्र्यासारखं लंगडून दाखवत नाही. ते फक्त उंच उडी मारणं सोडतं, पाठीचा मागचा भाग चाटून साफ करणं सोडतं, नखं वाढतात, कधी लिटर ट्रेच्या कडेवरून पाय टाकवत नाही म्हणून बाहेरच घाण करतं. मुलगी त्याला काखेत हात घालून उचलत असेल तर मागचं सगळं वजन कमरेवर लोंबतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

मांजरवेडी
पुस्तक निवडताना एक गोष्ट बघा, त्यात मांजराला दुधाची वाटी दाखवली असेल तर ते बाजूला ठेवा. मुलं हमखास तसंच करतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, दुधातली साखर फोडणारं एन्झाइम त्यांच्यात वयानुसार कमी होतं आणि मग जुलाब. आमच्या ओळखीत एका मांजराला महिनोन्‌महिने पातळ शी होत होती, औषधं चालली होती, शेवटी कळलं की घरातलं पोर रोज गुपचूप दूध पाजत होतं.

तीन_बोके
आमचे तिघं रोज दूध पितात. काही होत नाही. आमच्या आजीची मांजरंही दुधावरच वाढली.

मांजरवेडी
आजीच्या मांजरांना उंदीरही मिळत होते. निव्वळ दुधाभातावर मांजर निभत नाही, त्याला टॉरिन लागतं आणि ते मांसातून येतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगतं. हृदयाचं हे कारण 1987 मध्ये उघड झालं आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. त्याआधी कितीतरी मांजरं कारण न कळता गेली असतील, याचा विचार केला की आजही वाईट वाटतं.

निवांत_वाचक
दूध गोड लागतं म्हणून मांजर पितं हा समजही चुकीचा आहे. मांजराला गोड चवच कळत नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे 2005 साली दाखवलं गेलं. त्यांना ओढ असते ती स्निग्धांशाची.

उंबरठा
धागा पुस्तकाचा आहे.

निवांत_वाचक
पुस्तकावरच येतो. चित्रांची पुस्तकं घेताना चित्रकाराला मांजर माहीत आहे का ते जरूर बघा. आमच्याकडे एक पुस्तक आहे, त्यात पांढऱ्या-काळ्या-केशरी तिरंगी मांजराला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'बोका' म्हटलंय. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे काळा आणि केशरी दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका फार क्वचित जन्मतो, बहुधा एक जास्तीचं गुणसूत्र घेऊन. असं पुस्तक मी मुलांच्या हातात देणार नाही.

तीन_बोके
आमच्या गल्लीत होता तिरंगी बोका.

निवांत_वाचक
तुम्ही शेपटी उचलून बघितलं होतं का?

तीन_बोके
नाही. पण भांडायचा बोक्यासारखाच.

कोपऱ्यातला_कावळा
मला मुळात मांजर मांजरासारखं वागणारं पुस्तक हा हट्टच पटत नाही. आपण सगळे चिऊताई आणि काऊ यांच्या गोष्टीवर वाढलो. त्यात कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं असतं. म्हणून काही आपण चिमणीचं दार वाजवायला गेलो नाही. गोष्टीतल्या प्राण्यानं बोलावं, कपडे घालावेत, खोटं बोलावं. तुम्हाला खरोखर चांगली मांजराची गोष्ट हवी असेल तर हितोपदेशातला दीर्घकर्ण घ्या. झाडाच्या ढोलीत जरद्गव नावाचं आंधळं म्हातारं गिधाड राहतं. त्या झाडावरचे पक्षी आपल्यातलं थोडं थोडं त्याला खायला देतात आणि ते त्यांची पिल्लं सांभाळतं. दीर्घकर्ण मांजर येतं, मी रोज अंघोळ करतो, मांस खात नाही, व्रत करतो असं सांगून ढोलीत मुक्काम ठोकतं आणि एकेक पिल्लू आणून खातं. हाडं ढोलीतच टाकतं आणि गवगवा झाल्यावर पसार होतं. पक्ष्यांना ढोलीत हाडं सापडतात आणि ते गिधाडालाच मारून टाकतात.

मांजरवेडी
पाच वर्षांच्या मुलीला हे? जिच्या घरात मांजर आहे तिला? आपल्या जुन्या गोष्टींत मांजराला सतत ढोंगी, चोर आणि दगाबाज केलंय. याच गोष्टी ऐकून मोठी झालेली माणसं पुढे मांजर आडवं गेलं की दगड उचलतात. मी अशी एकही गोष्ट माझ्या मुलांना सांगितली नाही आणि सांगणार नाही.

कोपऱ्यातला_कावळा
ढोंगी मांजर ही फार जुनी कल्पना आहे. महाभारतातही ते भेटतं. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं प्रचंड मोठं शिल्प आहे, त्यात हत्तींच्या जवळ एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर उंचावून तप करतंय आणि भोवती उंदीर आहेत. मी त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभा होतो. ज्यानं ते कोरलं त्याचा मांजरावर राग असेल असं मला वाटत नाही. मांजर कसं ताणून उभं राहतं ते बघितल्याशिवाय असं कोरता येत नाही.

ग्रंथकीटक
गिधाड मेलेलं चालतं आणि कोळीण मेलेली चालत नाही?

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. दीर्घकर्ण नको, मांजरवेडींशी सहमत आहे. पिल्लू तर नकोच. @घननीळ, तुमचं वाचून आठवलं की बंड्या हल्ली खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारत नाही, आधी खुर्चीवर चढतो आणि मग वर जातो. मी ते वयावर ढकललं होतं. कुणी नेमकं पुस्तक सांगेल का?

अक्षरओळ
बुटातल्या मांजराची फ्रेंच गोष्ट घ्या, पेरोनं 1697 मध्ये छापलेली. मराठीतही तिची रूपं मिळतात. कुणी चांगलं माणूस मरत नाही, राक्षस तेवढा उंदीर होतो आणि मांजर त्याला खातं. चित्रंही सुंदर असतात.

उंबरठा
त्यातलं मांजर बूट घालतं. उद्या बंड्याच्या पायात बूट येतील.

घननीळ
हो, आणि तो खुर्चीचा टप्पा म्हणजे अगदी तेच लक्षण. मोबाइलवर व्हिडिओ काढा, चढतानाचा आणि उतरतानाचा. दवाखान्यात मांजर भीतीनं आखडून बसतं, तिथे डॉक्टरांना चाल दिसत नाही. व्हिडिओवरून खूप कळतं. रक्त आणि लघवीही तपासून घ्या, या वयात मूत्रपिंडाचे आजार बरेच दिसतात. तो पाणी जास्त पितो का तेही बघून ठेवा.

जाईजुई
मी लहान मुलांना शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं सुचवते. मुलीला 'त्रास देऊ नकोस' सांगून उपयोग नाही, त्याऐवजी काय करायचं ते द्या. जमिनीवर बसायचं, हात पुढे करून थांबायचं, तो नाक लावायला आला तरच गालाला आणि हनुवटीखाली खाजवायचं, मग हात काढून घ्यायचा. तो पुन्हा आला तर पुन्हा. शेपटी आपटायला लागली किंवा कान मागे गेले की खेळ संपला. पोट दाखवणं म्हणजे पोटाला हात लाव असा निरोप नाही, हे तिला चित्र काढून सांगा. मुलांना सगळ्यांत आवडतं ते डोळ्यांचं: मांजराकडे बघून डोळे हळूच बारीक करायचे आणि मिटायचे. इंग्लंडमध्ये याचा अभ्यास झाला, 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसानं असे डोळे मिटले की मांजरंही तसेच मिटतात आणि जवळ यायला जास्त तयार असतात. पाच वर्षांच्या मुलीला हे जमतं. तिला वाटतं आपल्याला गुप्त भाषा येते.

तीन_बोके
आमचे तिघंही डोळे मिटतात. पिल्लू आणलं असतं तर एव्हाना तेही शिकलं असतं.

निवांत_वाचक
तो चिडलेला असताना चावला तर दुर्लक्ष करू नका. मांजराचे दात बारीक, जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोलवर जंतू जातात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. घरचं मांजर असलं तरीही. त्याची रेबीजची लस चालू आहे ना तेही बघा.

पाटीपेन्सिल
उशिरा लिहितेय. बंड्याला दाखवून आणलं. घननीळ, तुमचा अंदाज बरोबर होता, दोन्ही मागच्या पायांच्या खुब्यांत सांधेदुखी निघाली. औषध सुरू झालंय. लिटर ट्रे कमी उंचीच्या कडेचा आणला, खिडकीपाशी दोन पायऱ्या केल्या. 'तो रुसला नव्हता, त्याचे पाय दुखत होते' हे लेकीला सांगितलं तर तिनं विचारलं, 'मग त्यानं सांगितलं का नाही?' मी म्हटलं, सांगत होता की, फिस्कारून. यावर ती बराच वेळ गप्प होती. आता ती त्याला उचलत नाही, जाईजुईंनी सांगितलं तसं बसून हात पुढे करते.

पुस्तकाचं मात्र तुम्हा सगळ्यांना आणि माझ्या स्वतःच्या अटींनाही सोडून झालं. एका रात्री वाचायला काहीच नव्हतं आणि मी दीर्घकर्णाची गोष्ट सांगितली. मला धास्ती होती. ती उठूनच बसली. आंधळ्या गिधाडाला कुणी सांगितलं का नाही, पक्ष्यांनी हाडं कुणाची ते नीट का नाही विचारलं, मांजर कुठे पळालं. तेव्हापासून रोज तीच गोष्ट हवी असते. आणि त्यातलं काहीही बंड्यावर होत नाही! टोपीवालं गोड मांजर तिला बंड्या वाटायचं, म्हणून ती त्याला टोपी घालायची. दीर्घकर्ण तिला बंड्या वाटतच नाही. 'तो गोष्टीतला आहे, आपला तसा नाही' हे तिचं तिनंच ठरवलं. गिधाडासाठी ती हळहळते, पण रडत नाही.

मांजरवेडी
गोष्टीबद्दल माझं मत तेच आहे, पण बंड्याला उपचार मिळाले याचा आनंद झाला. एक कळकळीनं सांगते, त्याला दुखतंय म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं, अगदी थोड्यानंही. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही. फुलदाणीत लिली ठेवत असाल तर तीही बंद करा, तिचे पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

ग्रंथकीटक
म्हणजे मरण चाललं. मी पहिल्याच दिवशी सांगत होतो. आता 'शार्लट्स वेब' आणा.

अक्षरओळ
माझ्या भाचीसाठी हवी आहे, दीर्घकर्णाची गोष्ट कुठल्या पुस्तकातून वाचता? चित्रं आहेत का?

पाटीपेन्सिल
पुस्तक नाही, धाग्यात कोपऱ्यातल्या कावळ्यानं लिहिली तशीच तोंडी सांगते. हितोपदेशाच्या मराठी भाषांतरात 'मित्रलाभ' या पहिल्या भागात सापडेल. चित्रं लेक काढते. तिच्या चित्रात गिधाडाला चष्मा आहे.